ख, ह, र, व, अ : एका वलंदेज वकिलाची नोकरी

जपानमधल्या बौद्ध स्मशानात थडग्यांच्या मागे उंच, अरुंद लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या दिसतात. वरच्या टोकाशी दोन्ही कडांना खाचा पाडलेल्या. या पट्टीला तिथे ‘सोतोबा’ म्हणतात, आणि तो आपल्या ‘स्तूप’ या शब्दाचाच जपानी अवतार आहे. पट्टीवर काळ्या शाईनं वरून खाली पाच अक्षरं लिहिलेली असतात. ती जपानी नसतात, चिनीही नसतात. थोडा वेळ निरखून पाहिलं तर त्यांचं वळण ओळखीचं वाटायला लागतं. ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. ‘ख’ म्हणजे आकाश, हे खग आणि खगोल हे शब्द वापरणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जपानी भिक्षू हीच अक्षरं ‘क्या, का, रा, बा, आ’ अशी म्हणतात. लिपीचं नाव सिद्धम्, म्हणजे आपल्या देवनागरीची भाऊबंदच.

ही लिपी भारतातून चीनमध्ये आणि तिथून जपानमध्ये कशी गेली, तिच्याबरोबर संस्कृत भाषा कितपत गेली, याचा धांडोळा घेणारं इंग्रजी पुस्तक १९५६ साली निघालं. ते निघालं आपल्या नागपुरातून. संस्कृतचे अभ्यासक डॉ. रघुवीर यांची संस्था लाहोरहून नागपूरला आली होती, तिच्या ‘सरस्वती विहार’ मालेत. लेखक मात्र कुठल्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. तो होता डच परराष्ट्र खात्यातला नोकरदार अधिकारी, १९५१ ते १९५३ दिल्लीच्या डच वकिलातीत काम करून गेलेला. नाव रॉबर्ट व्हान गुलिक.

मुत्सद्दी नेमकं करतो काय, त्याची ‘करिअर’ म्हणजे काय असतं, हे समजून घ्यायला मला या माणसाइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही. त्याच्या नावावर एकही गाजलेला तह नाही, आणि तरीही.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपल्या बखरींमध्ये डचांना ‘वलंदेज’ म्हटलंय. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. आणि ‘वकील’ म्हणजे पेशवाईत कोर्टातला वकील नव्हे. एका दरबाराचा दुसऱ्या दरबारात राहणारा माणूस म्हणजे वकील. हिंगणे घराणं दिल्लीत पेशव्यांची वकिली करत असे ती ही. तिथे राहायचं, कोण कोणाला भेटतं ते पाहायचं, बातम्या लिहून पुण्याला पाठवायच्या, आणि वेळ आली की धन्याचा शब्द समोरच्याच्या गळी उतरवायचा. आजही ‘वकिलात’ हा शब्द मराठीत टिकून आहे. काम मुळात तेच आहे, फक्त कागदपत्रं वाढली.

व्हान गुलिक यांचा जन्म ९ ऑगस्ट १९१० चा, नेदरलँड्समधल्या झुत्फन गावचा. वडील डच वसाहतीच्या लष्करात डॉक्टर. त्यामुळे पोर लहान असतानाच कुटुंब जावा बेटावर गेलं आणि बारा-तेराव्या वर्षापर्यंत तिथेच राहिलं. आजूबाजूला मलाय आणि जावानीज बोलली जायची, रात्री चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ चालायचा. हे सगळं वसाहतीच्या आश्रयानं चाललेलं बालपण होतं, हे विसरून चालत नाही. त्याच वसाहतीतल्या लोकांनी पुढे डचांना घालवून दिलं, आणि त्या काळात व्हान गुलिक डच सरकारच्याच नोकरीत होते.

नेदरलँड्सला परतल्यावर नायमेखनच्या शाळेत असताना त्यांना एक गुरू भेटला. सी. सी. उलेनबेक हे मोठे भाषाशास्त्रज्ञ लायडनमधून निवृत्त होऊन त्याच गावात राहायला आले होते. त्यांनी या शाळकरी मुलाला संस्कृत शिकवलं. नुसतं शिकवलं नाही, तर अमेरिकेतल्या ब्लॅकफूट आदिवासींच्या भाषेचा शब्दकोश करायच्या कामात बरोबरीनं घेतलं. त्या कोशाचा पहिला भाग १९३० मध्ये छापून आला, तेव्हा सहलेखकाचं वय होतं वीस. १९३२ मध्ये कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’चा त्यांनी केलेला डच अनुवाद निघाला. लायडनला चिनी, जपानी आणि वसाहतींचा कायदा, मग उट्रेख्तला १९३५ मध्ये डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय हयग्रीव. आपल्याकडे वेद परत आणणारा घोड्याच्या तोंडाचा विष्णू, तोच बौद्ध तंत्रात शिरून चीन-जपानमध्ये कोणत्या रूपात पुजला गेला, त्याचा शोध.

इतकं शिकलेला माणूस प्राध्यापक का झाला नाही? वसाहती, व्यापार आणि जपानचं वाढतं बळ यामुळे डच परराष्ट्र खात्याला चिनी-जपानी जाणणारी माणसं हवी होती. अशा माणसांची नेमणूक आधी दुभाषा म्हणून होई. दुभाषाचं काम वरून दुय्यम दिसतं, पण बैठकीत दोन्ही बाजूंचं सगळं खरं-खोटं ऐकणारा तोच एकटा असतो. १९३५ मध्येच व्हान गुलिक टोकियोला रुजू झाले.

शिडी कशी असते

टोकियोत तेव्हा डचांची ‘एम्बसी’ नव्हती, ‘लिगेशन’ होती. मराठीत दोन्हीला वकिलातच म्हणतात, पण फरक मोठा. जुन्या प्रथेप्रमाणे राजदूत फक्त बड्या सत्तांनी एकमेकांकडे पाठवायचे. नेदरलँड्ससारख्या लहान देशाचा प्रतिनिधी ‘मिनिस्टर’ दर्जाचा, म्हणजे राजदूतापेक्षा एक पायरी खाली, आणि त्याची कचेरी ती लिगेशन. समारंभात कोण आधी उभं राहणार, कोणाला सम्राटाची भेट लवकर मिळणार, हे त्या पायरीवर ठरायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळे देश निदान कागदावर समान झाले आणि लिगेशन हा प्रकार हळूहळू मोडीत निघाला. व्हान गुलिक यांची नोकरी या बदलाच्या आरपार जाते. टोकियोत ते लिगेशनमध्ये लागले, १९५६ मध्ये बैरूतला मिनिस्टर म्हणून गेले, आणि १९५९ मध्ये क्वालालंपूरला राजदूत झाले.

मधल्या पायऱ्या आपल्या परराष्ट्र सेवेसारख्याच. खालून तिसरा, दुसरा, पहिला सेक्रेटरी, मग कौन्सेलर, मग मिनिस्टर, मग राजदूत. आणि दर तीन-चार वर्षांनी बदली. ही बदली मुद्दाम असते. एका ठिकाणी फार वर्षं राहिलेला अधिकारी हळूहळू यजमान देशाच्या नजरेनं पाहायला लागतो, आपल्या सरकारचं म्हणणं तिथे मांडण्याऐवजी तिथलं म्हणणं आपल्या सरकारला पटवायला लागतो. म्हणून मूळ धरायच्या आत उपटायचं. याचा तोटाही उघड आहे. भाषा यायला लागते, माणसं विश्वास टाकायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच सामान बांधायचं. व्हान गुलिक यांनी या तोट्यावर जन्मभर एकच उपाय केला. प्रत्येक बदलीच्या गावात जे तिथेच शिकायला मिळेल ते शिकून घ्यायचं.

टोकियोतली पहिली सात वर्षं त्यांनी चिनी सात तारांच्या वाद्यात घालवली म्हटलं तरी चालेल. नाव गुचिन. लांबट लाकडी पेटीसारखं, समोर ठेवून वाजवायचं, तारा रेशमाच्या, कडेला बोटांच्या जागा दाखवणाऱ्या तेरा टिकल्या. आवाज इतका बारीक की बाजूच्या खोलीत जेमतेम पोचावा. हे वाद्य सभेत वाजवायचं नसतंच. ते विद्वानानं स्वतःसाठी किंवा दोन-तीन मित्रांसाठी वाजवायचं. त्याच्या स्वरलेखनात बोट कुठे, कसं ठेवायचं हे असतं, पण स्वर किती वेळ धरायचा ते नसतं. ते गुरूच्या तोंडूनच मिळतं. आपल्याकडच्या घराण्याच्या गायकीत वाढलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. व्हान गुलिक पेइचिंगला जाऊन गुरूकडे बसून ते शिकले आणि १९४० मध्ये टोकियोतून त्यांनी या वाद्याच्या परंपरेवर मोठा ग्रंथ छापला.

हा छंद झाला, त्याचा मुत्सद्देगिरीशी काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध चीनमधल्या चुंगकिंगला दिसतो. पण तिथे पोचण्याआधी युद्ध आलं.

युद्धात वकिलाचं काय होतं

मे १९४० मध्ये जर्मनीनं नेदरलँड्स गिळलं. डच सरकार लंडनला पळालं. म्हणजे टोकियोतली ही वकिलात ज्या सरकारची होती त्याच्या ताब्यात युरोपात घराची जमीन नव्हती. तरी जपानला तिची पत्रास होती, कारण डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, अजून डचांकडे होता आणि तिथे तेल होतं. जपानी नौदल आणि विमानं त्या तेलाशिवाय चालणार नव्हती. सप्टेंबर १९४० पासून जून १९४१ पर्यंत बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, वाटाघाटी चालल्या, फिसकटल्या. मग अमेरिका, ब्रिटन आणि डचांनी मिळून जपानची आर्थिक कोंडी केली. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. ८ डिसेंबर १९४१ ला डच सरकारनं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि टोकियोतली डच वकिलात शत्रूच्या राजधानीतली कोंडवाड्याची जागा झाली.

अशा वेळी वकिलाला मारायचं नाही, तुरुंगात टाकायचं नाही, सुखरूप घरी पोचवायचं, ही प्रथा फार जुनी. ती नंतर १९६१ च्या व्हिएन्ना करारात लेखी आली. कारण साधं आहे. तुमचे लोक त्यांच्याकडे आहेत, त्यांचे तुमच्याकडे. पण सोडायचं कसं? समुद्रात पाणबुड्या फिरतायत, कुणाचा कुणावर भरवसा नाही. मग तटस्थ देश शोधला जातो. दोन्ही बाजूंची जहाजं ठरलेल्या मार्गानं, दिवे लावून, खुणेचे रंग देऊन एका तटस्थ बंदरात येतात, माणसं मोजली जातात, आणि इकडची तिकडे होतात. १९४२ मध्ये जपानमधल्या दोस्त राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांची अशी अदलाबदल लोरेंसो मार्किशला झाली. ते मोझांबिकमधलं पोर्तुगीज बंदर, आजचं मापुतो. पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून त्याच्या वसाहतींना हे भाग्य आलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, अमेरिका आणि जपान यांची अशीच दुसरी अदलाबदल आपल्या गोव्यात मुरगाव बंदरात झाली. मुरगावच्या धक्क्यावर महायुद्धातले शत्रू एकमेकांसमोरून जहाज बदलत होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. खरं तर ती शाळेत सांगायला हवी.

व्हान गुलिक सुटले ते आफ्रिका, इजिप्त, दिल्ली असे फिरत १९४३ मध्ये चुंगकिंगला पोचले. च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारची ही युद्धकाळातली राजधानी. धुक्यानं भरलेलं डोंगरी शहर, जपानी बाँबफेकीनं फोडलेलं. पण किनाऱ्यावरच्या शहरांमधून पळून आलेला सगळा चिनी शहाणपणा तिथे एकवटला होता. प्राध्यापक, कवी, जुने सरदार, निवृत्त सेनापती, संग्रह वाचवून आलेले रसिक. इथे त्या वाद्याचं मोल कळतं. गुचिन वाजवणाऱ्यांचं एक मंडळ चुंगकिंगला जमत असे, त्यात हा डच फर्स्ट सेक्रेटरी बसायचा. त्याच्या शेजारी बसणारे लोक सरकारात वजन असलेले होते. परराष्ट्र खात्याच्या कचेरीत तासभर ताटकळून जे कळत नाही ते अशा बैठकीत चहा पिताना सहज कळतं. अर्थात ढोंगानं बसलेला माणूस तिथे टिकत नाही. वाद्य खरंच यायला लागतं. शाई, शिक्के, अक्षराचं वळण यात खरा जीव असावा लागतो. त्यांचा होता. त्यांचं चिनी नाव काओ लुओफेइ, आणि चिनी अक्षर इतकं घोटलेलं की चिनी मित्र त्यांच्याकडून लिहून घेत.

चुंगकिंगलाच त्यांनी लग्न केलं. पत्नी श्वेइ शिफांग डच वकिलातीत कामाला होत्या, छिंग साम्राज्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी. पुढे चार मुलं झाली. बदलीचा नियम ज्या भीतीपोटी केलेला असतो, की आपला माणूस त्यांचा होऊन जाईल, ती भीती या घरात प्रत्यक्ष खरी ठरली होती. तरी खात्यानं त्यांना वाढवत नेलं, कारण चीन समजावून सांगणारा दुसरा असा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

१९४६ ला हेग, म्हणजे खात्याचं मुख्यालय, मग वॉशिंग्टन, मग १९४८ ला पुन्हा टोकियो. आता जपान हरलेला, अमेरिकन लष्कराच्या ताब्यात. ज्या देशाला स्वतःचं परराष्ट्र धोरणच नाही त्याच्याकडे राजदूत पाठवता येत नाही. म्हणून मित्रराष्ट्रांच्या ‘मिशन’ असत आणि त्या जपानी सरकारशी नव्हे, अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या मुख्यालयाशी बोलत.

न्यायाधीश डी

इथून त्यांची जगाला माहीत असलेली ओळख सुरू होते. अठराव्या शतकातली एक चिनी गुन्हेकथा त्यांनी युद्धाच्या काळात इंग्रजीत आणली होती, ती १९४९ मध्ये टोकियोत स्वखर्चानं छापली. नायक होता डी रेनच्ये, चीनच्या थांग राजवटीतला खराखुरा अधिकारी, इ. स. ६३० ते ७०० या काळातला. प्रस्तावनेत व्हान गुलिक यांनी सुचवलं की चिनी आणि जपानी लेखकांनी पाश्चात्त्य गुप्तहेरकथांची नक्कल करण्यापेक्षा आपल्याच या परंपरेवर लिहावं. कोणी पुढे आलं नाही तेव्हा त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं, पण पहिलं छापलं गेलं जपानी भाषांतर, १९५१ मध्ये. त्याच कादंबरीचं चिनी रूप त्यांनी स्वतःच्या हातानं केलं, ते १९५३ मध्ये निघालं. आतली चित्रंही त्यांचीच, मिंग काळातल्या (थांगनंतर बऱ्याच शतकांनी आलेली राजवट) लाकडी ठशांच्या धर्तीची.

डीच्या कथा मी आधी नुसत्या रहस्यकथा म्हणून वाचल्या होत्या. मुत्सद्द्याची नोकरी समजल्यावर त्या वेगळ्याच दिसायला लागल्या. जुन्या चीनमध्ये जिल्ह्याचा अधिकारी हाच तपास करणारा, हाच न्याय देणारा, हाच सारा वसूल करणारा. आणि त्याला स्वतःच्या मुलखात नेमणूक मिळायची नाही. ठरावीक वर्षांनी बदली व्हायचीच. हेतू तोच, की तो तिथलाच होऊन जाऊ नये. व्हान गुलिक यांचा डी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातो, फंगलाय, हानयुआन, पूयांग, लानफांग, पेइचौ, आणि प्रत्येक गावात तो परका असतो. गावची बोली, गावची भांडणं, कोण कुणाचा सोयरा, हे त्याला शून्यापासून शिकावं लागतं, आणि तेही एकाच वेळी गुंतलेल्या तीन-तीन खटल्यांच्या रेट्यात. बदलीवर बदली घेणाऱ्या अधिकाऱ्यानं हे लिहिलंय हे एकदा लक्षात आलं की पानोपानी जाणवतं. थांग काळाच्या गोष्टीत रीतिरिवाज बरेचसे मिंग काळचे आहेत, आणि हे त्यांनी लपवलेलं नाही. मिंग कथाकारही जुन्या नायकांना आपल्याच काळचे कपडे चढवत.

दिल्ली आणि नागपूरचं पुस्तक

१९५१ मध्ये कौन्सेलर म्हणून दिल्लीला आले ती जागा सोपी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, २७ डिसेंबर १९४९ ला, नेदरलँड्सनं इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं, तेही चार वर्षं लष्कर घालून झाल्यावर. त्या चार वर्षांत भारत उघड इंडोनेशियाच्या बाजूनं होता. भारतानं डच विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातली होती. बिजू पटनाईक स्वतः विमान घेऊन जावात उतरले आणि इंडोनेशियाचे नेते सुतान शारीर यांना बाहेर काढून आणलं. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद भरवली. या सगळ्याची आठवण ताजी असताना डच अधिकाऱ्यानं साउथ ब्लॉकमध्ये जायचं, बोलायचं. त्यात इंडोनेशिया आपला म्हणत असलेल्या पश्चिम न्यू गिनीचा प्रश्न शिल्लकच होता. तो भाग डचांनी सोडला नव्हता. माझ्या मते डचांची बाजू त्या वादात दुबळी होती, आणि ती मांडत राहणं हे पगारी काम होतं. मुत्सद्द्याला आपल्या सरकारच्या चुकीच्या भूमिकेचंही निवेदन करावं लागतं, आणि तसं करताना समोरच्याचा विश्वास गमवायचा नसतो.

सिद्धम् लिपीवरच्या पुस्तकाचं सार थोडक्यात असं. चीनमध्ये शेकडो वर्षं बौद्ध ग्रंथ गेले, भिक्षू संस्कृत ‘शिकले’ असं म्हणायची पद्धत आहे. व्हान गुलिक यांनी जुने ग्रंथ तपासून दाखवलं की ह्युएन त्सांगसारखे मोजके सोडले तर बहुतेकांना येत होती ती लिपी, भाषा नव्हे. अक्षर काढता यायचं, मंत्र उच्चारता यायचा, पण विभक्ती, क्रियापदाची रूपं, वाक्याची घडण यांचा पत्ता नसायचा. अक्षर हेच पवित्र झालं, मग अर्थाची गरज कमी वाटायला लागली. जपानमध्ये कूकाई या भिक्षूनं नवव्या शतकाच्या आरंभी ही लिपी चीनमधून आणली, आणि अठराव्या शतकात जिउन नावाच्या भिक्षूनं भारत न पाहता, शिकवायला कोणी भारतीय नसताना, हाती असलेल्या मजकुरांवरून संस्कृतचं व्याकरण पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. जिउनबद्दल वाचताना मला फार गलबलून येतं. मंदिरातल्या जुन्या ताडपत्रांसमोर वर्षानुवर्षं बसलेला एक माणूस, हजारो मैल दूरची भाषा एकट्यानं उलगडतोय.

सिद्धम्‌चा एक ठसा तर जपानमध्ये रोज वापरात आहे. जपानी मुलं आपली अक्षरं पाठ करतात ती आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. चवर्गाच्या जागी सा आणि पवर्गाच्या जागी हा धरला (हा ‘हा’ फार जुन्या काळी ‘पा’ होता) तर हा आपल्या वर्णमालेच्याच क्रमाचा सांगाडा आहे. कंठापासून ओठापर्यंत, मग य, र, व. सिद्धम् शिकलेल्या भिक्षूंकडून तो आला.

नागपुरात हे पुस्तक निघालं त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, डॉ. आंबेडकरांनी त्याच शहरात लाखोंसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण बौद्ध धम्म भारतातून बाहेर कसा गेला हे सांगणारं पुस्तक आणि तो परत घरी आला ती जागा, एकाच गावात, एकाच वर्षी. मला ते नोंदवल्यावाचून राहवत नाही.

बैरूत, क्वालालंपूर, पुन्हा टोकियो

हेगमध्ये तीन वर्षं काढून १९५६ मध्ये ते बैरूतला गेले. १९५८ मध्ये तिथे यादवी पेटली, जुलैत अमेरिकन मरीन किनाऱ्यावर उतरले. अशा काळात लहान देशाच्या वकिलातीचं काम म्हणजे आपल्या नागरिकांची काळजी आणि हेगला रोजचा अहवाल. त्याच वर्षी चिनी चित्रकलेच्या पारखीवरचा त्यांचा पाचशेवर पानांचा ग्रंथ रोममधून निघाला. कागद कसा ओळखायचा, गुंडाळीचं चित्र कसं मढवतात, खोटा शिक्का कसा पकडायचा. प्रत्यक्ष हातानं मढवून पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही अशी ती पानं आहेत.

क्वालालंपूरला १९५९ ते १९६२ राजदूत. मलाया नुकता, १९५७ मध्ये, स्वतंत्र झालेला. पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी १९६० मध्ये पश्चिम न्यू गिनीवरून डच आणि इंडोनेशिया यांच्यात मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, त्यासाठी हेगलाही गेले. यश आलं नाही. १९६२ मध्ये डचांना तो भाग सोडावाच लागला.

क्वालालंपूरच्या घरात राजदूतांनी गिबन पाळले. गिबन म्हणजे बिनशेपटीचा, लांब हातांचा वानर. पहाटे नर आणि मादी मिळून गातात, तो आवाज मैलभर जातो. जुन्या चिनी कवितेत यांगत्सी नदीच्या दऱ्यांमधून जाणारा प्रवासी गिबनची हाक ऐकून रडतो, असा संकेतच आहे. व्हान गुलिक यांनी दोन हजार वर्षांच्या चिनी कविता, चित्रं आणि नोंदी चाळून हा प्राणी चीनमध्ये कुठे-कुठे होता ते शोधलं. जंगलं तुटत गेली तसा तो दक्षिणेकडे सरकला. माकड आणि गिबन यांची जुन्या ग्रंथांत झालेली गल्लत त्यांनी सोडवली ती घरातल्या पिलांना रोज पाहून. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी शीआनजवळच्या एका राजघराण्यातल्या कबरीत, पहिल्या सम्राटाच्या आजीच्या मानल्या जाणाऱ्या कबरीत, सापडलेल्या हाडांवरून नामशेष झालेल्या गिबनचा नवा वंश ओळखला आणि त्याला ‘जुन्झी’ नाव दिलं. जुन्झी म्हणजे सज्जन, विद्वान. चिनी विद्वानाला गिबन आपला सखा वाटे, हे व्हान गुलिक यांनी पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं.

१९६५ मध्ये ते राजदूत म्हणून टोकियोला परतले. तीस वर्षांपूर्वी दुभाषाच्या कामावर जिथे आले होते तिथे. पण दोनच वर्षं मिळाली. फुप्फुसाच्या कर्करोगानं २४ सप्टेंबर १९६७ ला हेगमध्ये ते गेले, वय सत्तावन्न. त्यांचे चिनी ग्रंथ १९७७ मध्ये लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. गिबनवरचं पुस्तक ते गेले त्याच वर्षी लायडनमधून निघालं. आत एक छोटी तबकडी घातलेली होती. ती ग्रामोफोनवर लावली की छापील ओळींमधल्या त्या हाका प्रत्यक्ष ऐकू येत.